कमी प्रथिनांचा आहार आणि वनस्पतिजन्य पूरके
अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्याचा शास्त्रीय विचार

शेतीला जोडधंदा म्हणून कुक्कुटपालन आता राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत रुजले आहे. या व्यवसायाच्या एकूण खर्चात सर्वांत मोठा वाटा खाद्याचा असतो. तो साधारणपणे ६५ ते ७० टक्के इतका भरतो. खाद्यातही महाग भाग असतो तो प्रथिनांचा, आणि प्रथिनांसाठी आपल्याकडील पोल्ट्रीधारक प्रामुख्याने सोयाबीनच्या पेंडीवर अवलंबून आहेत. या पेंडीचे भाव भडकले की अंड्यांच्या धंद्याचे गणित कसे कोलमडते, याचा अनुभव २०२१ साली आला. त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात केंद्र शासनाला १२ लाख टन सोयापेंडीच्या आयातीस परवानगी द्यावी लागली होती.

अशा परिस्थितीत खाद्यातील प्रथिनांचे प्रमाण थोडे कमी करावे आणि उणीव भरून काढण्यासाठी शेवगा, ॲझोला, मेथी, हळद यांसारखी वनस्पतिजन्य पूरके वापरावीत, असा विचार पुढे येणे स्वाभाविक आहे. हा विचार काही अंशी योग्य आहे. परंतु पूरकांचे काम कोणते आणि त्यांच्याकडून कोणत्या कामाची अपेक्षा ठेवू नये, हे नीट समजून न घेता प्रथिने कमी केली तर खाद्यात वाचलेला पैसा अंड्यांत गमावण्याची वेळ येते.

गरज प्रथिनांची की अमिनो आम्लांची?

अंड्यावर आलेली कोंबडी दिवसाला सुमारे ११० ग्रॅम खाद्य खाते. त्यात १७ टक्के प्रथिने असतील तर तिच्या पोटात रोज १८ ते १९ ग्रॅम प्रथिने जातात. ५५ ग्रॅम वजनाच्या अंड्यात मात्र सुमारे साडेसहा ग्रॅमच प्रथिने असतात. म्हणजे खाल्लेल्या प्रथिनांपैकी साधारण एक तृतीयांश भाग अंड्यात उतरतो. काही भाग शरीराच्या झिजेसाठी व पिसांसाठी खर्च होतो आणि उरलेल्या प्रथिनांतील नत्र यूरिक आम्लाच्या रूपाने विष्ठेतून बाहेर पडते.

याचे कारण प्रथिनांच्या घडणीत आहे. प्रथिने ही अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांपैकी काही अमिनो आम्ले कोंबडीच्या शरीरात तयार होत नाहीत. ती खाद्यातूनच मिळावी लागतात. यांतील एखादे आम्ल कमी पडले तर बाकीची मुबलक असूनही त्यांचा पुरेसा उपयोग होत नाही. एक फळी आखूड असलेल्या पिंपात त्या फळीच्या वर पाणी राहत नाही, तसाच हा प्रकार आहे. मका व सोयापेंड यांवर आधारलेल्या आहारात ही आखूड फळी सर्वप्रथम मेथिओनीनची असते. त्यानंतर लायसीन, थ्रिओनीन व ट्रिप्टोफॅन यांचा क्रम लागतो.

म्हणूनच कमी पडणारी अमिनो आम्ले शुद्ध स्वरूपात खाद्यात मिसळली, तर एकूण प्रथिनांचे प्रमाण १७ वरून १५ टक्क्यांच्या आसपास आणता येते. एक हजार पक्ष्यांच्या कळपात त्यामुळे दररोज सुमारे ६ किलो सोयापेंडीची जागा मका घेऊ शकतो. नत्राचे उत्सर्जन घटते, शेडमधील अमोनियाचा उग्र वास कमी होतो आणि पक्षी पाणी कमी पीत असल्याने गादीही कोरडी राहण्यास मदत होते. जादा प्रथिनांचे विघटन करताना शरीरात उष्णता निर्माण होते. विदर्भ व खानदेशातील कडक उन्हाळ्यात हा भार हलका होणे पक्ष्यांच्या दृष्टीने लाभदायक असते.

वनस्पतिजन्य पूरके काय देतात?

शेवग्याच्या वाळलेल्या पाल्याच्या भुकटीत सुमारे २५ टक्के प्रथिने असतात. शिवाय कॅल्शियम, लोह व पिवळी रंगद्रव्ये असतात. कोंबडीला बलकाचा रंग स्वतः तयार करता येत नाही. तो खाद्यातूनच यावा लागतो. पिवळ्या मक्याऐवजी बाजरी, ज्वारी किंवा तांदळाची कणी वापरली की बलक फिकट पडतो. अशा वेळी शेवग्याचा पाला, लसूणघास किंवा झेंडूच्या पाकळ्या यांचा चांगला उपयोग होतो. मात्र कीटकनाशके फवारलेली बाजारची फुले पक्ष्यांना घालू नयेत.

लसूण, हळद, मेथी, ओवा यांसारख्या पदार्थांचा उपयोग निराळा आहे. त्यांतील सुगंधी तेले व अन्य घटक आतड्यातील अपायकारक जंतूंना आळा घालण्यास व पचनास साहाय्य करतात. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके घालण्यावर बंदी आणली. भारतातही २०१९ साली कोलिस्टीन या औषधाचा खाद्य-जनावरांतील वापर निषिद्ध ठरला. तेव्हापासून अशा वनस्पतींच्या अभ्यासाला जगभर महत्त्व आले आहे. पचन सुधारले तर खाल्लेल्या प्रथिनांचा अधिक भाग अंगी लागतो. कमी प्रथिनांच्या आहारात या पूरकांचे स्थान येथे आहे. खाद्यात जे अमिनो आम्ल मुळातच नाही, ते पचन सुधारल्याने निर्माण होत नाही.

एक साधा हिशोब

मेथिओनीनच्या बाबतीत हा मुद्दा आकड्यांनी स्पष्ट होतो. १५ टक्के प्रथिनांच्या मका-सोया आहारात दर टनामागे साधारणपणे १ ते दीड किलो मेथिओनीन वरून घालावे लागते. शेवग्याच्या १ किलो भुकटीत सुमारे २५० ग्रॅम प्रथिने असतात आणि त्यांत मेथिओनीन ४ ग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे १ किलो मेथिओनीन केवळ शेवग्यातून मिळवायचे तर टनामागे अडीचशे किलो भुकटी लागेल. इतका पाला घातल्यास खाद्यातील तंतू वाढतील, ऊर्जा घटेल आणि अंडी कमी होतील. शेवग्याची भुकटी साधारणपणे ५ टक्क्यांपर्यंतच ठेवणे श्रेयस्कर ठरते.

टनामागे एखाद-दोन किलो घातल्याने मेथिओनीनची संपूर्ण गरज भागते, असा दावा कोणत्याही वनस्पतिजन्य भुकटीबाबत केला गेला, तर तो याच हिशोबाने तपासून पाहावा. अशा भुकटीचा पचनास वा यकृतास काही लाभ होऊ शकेल. परंतु मेथिओनीनची तूट तिच्यातील मेथिओनीनने भरून निघणार नाही.

ॲझोल्याचेही तसेच आहे. त्याच्या सुक्या भुकटीत २० ते २५ टक्के प्रथिने असली तरी ताज्या ॲझोल्यात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते. एक किलो ताज्या ॲझोल्यातून मिळणारी प्रथिने ही सुमारे ३० ग्रॅम सोयापेंडीएवढीच भरतात. परसातील दहा-वीस कोंबड्यांना तो उत्तम हिरवा चारा आहे. हजारो पक्ष्यांच्या शेडला मात्र तो सोयापेंडीचा पर्याय होऊ शकत नाही.

पेंडींची जोडी जमविणे

अमिनो आम्लांची उणीव काही प्रमाणात निरनिराळ्या पेंडींच्या मिश्रणाने भरून निघते. तिळाची व सूर्यफुलाची पेंड मेथिओनीनने समृद्ध, पण लायसीनने दरिद्री असते. सोयापेंडीत लायसीन भरपूर असते. त्यामुळे त्या परस्परांना पूरक ठरतात. भुईमुगाच्या पेंडीत मात्र ही दोन्ही आम्ले कमी असतात. शिवाय ओल लागल्यास तीवर बुरशी येऊन अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. सरकीच्या पेंडीतील गॉसिपॉलमुळे साठवणीत बलकाला हिरवट-तपकिरी छटा येते. सुबाभळीच्या पाल्यातील मिमोसीन खाद्य खाण्याचे व अंड्यांचे प्रमाण घटविते. म्हणून त्याची भुकटी ५ टक्क्यांपुढे नेऊ नये. कडुनिंबाचा पाला अधिक झाल्यास कडवटपणामुळे पक्षी खाद्य टाकतात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. वनस्पतींत ब१२ जीवनसत्त्व नसते. मासळीची कुटी वगळून पूर्णतः वनस्पतिजन्य आहार द्यावयाचा असेल, तर हे जीवनसत्त्व असलेले मिश्रण खाद्यात अवश्य घालावे. त्याचप्रमाणे कोणत्याही पाल्याने कवचासाठी लागणाऱ्या कॅल्शियमची गरज भागत नाही. कोंबडीला दररोज साडेतीन ते चार ग्रॅम कॅल्शियम लागते. त्यासाठी शिंपल्याचा चुरा किंवा चुनखडीची खडी खाद्यात हवीच.

बदल कसा करावा?

प्रथिने एकदम कमी करू नयेत. अंडी उत्पादनाचा कळस गाठला जात असताना पक्ष्यांना पूर्ण पोषणाची गरज असते. बदलाचा विचार त्यानंतरच्या काळात करावा. प्रथम मका व पेंड यांचे नमुने प्रयोगशाळेत तपासून घ्यावेत. नंतर प्रथिनांत अर्धा ते एक टक्का घट करून, अमिनो आम्लांची तूट पशुपोषण तज्ज्ञाच्या सल्ल्याने भरून काढावी. पूरक भुकटी आधी थोड्या कोंड्यात एकजीव करून मग सर्व खाद्यात मिसळावी; अन्यथा एका पक्ष्याला जास्त व दुसऱ्याला काहीच नाही, असे होते.

सर्व कळपावर प्रयोग करण्याऐवजी एकाच वयाच्या पक्ष्यांचे दोन गट पाडावेत. एका गटाला नेहमीचे व दुसऱ्याला बदललेले खाद्य किमान दोन महिने द्यावे. अंड्यांची रोजची संख्या, खाद्याचा खप, फुटक्या अंड्यांचे प्रमाण व मरतूक यांची नोंद ठेवावी आणि दर आठवड्याला प्रत्येक गटातील शंभर अंडी वजन करून पाहावीत. केवळ संख्येवर विसंबून राहू नये. कारण मेथिओनीन कमी पडल्यास बहुधा अंड्याचे वजन आधी उतरते आणि संख्या नंतर घटते. पिसे निस्तेज होणे, पक्ष्यांनी एकमेकांची पिसे उपटणे व विनाकारण खाद्याचा खप वाढणे, हीदेखील उणिवेची लक्षणे आहेत. ती दिसताच पूर्वीच्या आहारावर यावे व जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी संपर्क साधावा.

दोन महिन्यांच्या नोंदींवरून दर अंड्यामागे खाद्याचा खर्च किती आला, हे काढणे अवघड नाही. पोत्यामागे किती रुपये वाचले यापेक्षा हा आकडा अधिक खरा असतो. आपल्या शिवारातील शेवगा, तीळ, सूर्यफूल, हळद, मेथी यांना कोंबड्यांच्या आहारात निश्चितच स्थान आहे. अमिनो आम्लांचा पाया पक्का करून त्यांचा प्रमाणशीर उपयोग केला, तर सोयापेंडीवरील भार हलका होईल आणि पोल्ट्रीधारकाच्या पदरात चार पैसे अधिक पडतील.