पाच रुपयांचा पुडा आणि त्यातील चरबी

अंबड, भोकरदन, परतूर, जालना जिल्ह्यातील कोणत्याही गावच्या किराणा दुकानात जावे, तर क्रीमची बिस्किटे, क्रीमरोल आणि छोटे केक यांच्या माळा दारातच, मुलांचा हात पोहोचेल अशा बेताने टांगलेल्या दिसतात. मैदा, साखर, मजुरी, वाहतूक हे सारे महागत गेले असताना यांतील कित्येकांची किंमत मात्र वर्षानुवर्षे पाच रुपयांवरच कायम राहिली, याचे कारण पुड्याच्या घटत्या वजनात जितके आहे, तितकेच आतील चरबीच्या निवडीत आहे.

बिस्किटाच्या दोन चकत्या सोडवून मधला पांढरा थर बोटाने खरवडावा. त्यात सायीचा अंश बहुधा नसतोच. असते ती साखर आणि घट्ट राहणारी वनस्पतिजन्य चरबी. वैशाखात पारा चाळीस अंशांपलीकडे गेला तरी तो थर टिकावा लागतो, आणि ज्या सोयाबीनचे पीक या जिल्ह्यात सर्वत्र घेतात त्याचे तेल, किंवा मराठवाड्याच्या स्वयंपाकघरात पूर्वी नित्याचे असलेले करडईचे तेल, प्रवाही असल्यामुळे या कामी येत नाही. याच गरजेपोटी निकेलच्या सान्निध्यात तेलातून हायड्रोजन सोडून वनस्पती तूप करण्याची कृती रूढ झाली व १९३७ साली डालडा आला. परंतु ही क्रिया अपुरी राहिली म्हणजे निर्माण होणारे ट्रान्स फॅट रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवते आणि हितकर कोलेस्टेरॉल घटवते. तेल-तुपातील त्याचे प्रमाण १ जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणण्याचा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा हुकूम सर्वस्वी स्तुत्य होय.

तथापि आज पुड्यावरच्या बारीक अक्षरांत बहुधा पामतेल आढळते. ते स्वस्त आहे, गोठते, आणि त्याचा सुमारे निम्मा भाग संपृक्त चरबीचा असतो. सोयाबीन तेलात हेच प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास, तर करडईत १० टक्क्यांहून कमी. संपृक्त चरबीही घातक कोलेस्टेरॉल वाढवते, आणि तिच्यावर ट्रान्स फॅटसारखी कायदेशीर मर्यादा नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटे व केक यांवरील जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा अनेक उत्पादकांनी पाच रुपयांची किंमत तशीच ठेवून वजन वाढवण्याची तजवीज केली. म्हणजे तेवढ्याच पैशांत मुलाच्या पोटात ही चरबी अधिक जाणार. सरकारने महसुलावर पाणी सोडताना ही सवलत चरबीच्या जातीवर अवलंबून ठेवायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि संपृक्त चरबीचा आकडा पुड्याच्या दर्शनी बाजूस, किमतीइतक्याच ठळक मराठी अक्षरांत छापण्याची सक्तीही त्याच वेळी करता आली असती.