प्रत्येक प्रिंटरचा काळा वेगळा का?

रत्नागिरी - मांडवीच्या किनाऱ्याला रत्नागिरीकर 'काळा समुद्र' म्हणतात. इल्मेनाइटसारख्या खनिजकणांमुळे काळसर झालेल्या तिथल्या वाळूचे एकच छायाचित्र दोन इंकजेट प्रिंटरवर छापले, तर एका प्रतीत ओली वाळू आणि होडीची सावली वेगवेगळी दिसते; दुसरीत दोन्ही राखेसारखी करडी. आजोबांच्या एकुलत्या एका कृष्णधवल छायाचित्राची प्रत काढायला आलेल्या ग्राहकाला हाच फरक खटकतो. काळी टोपी आणि तिच्याखालचे केस एकमेकांत मिसळून जातात.

काळेपणा 'घनते'त मोजतात. घनता १ म्हणजे कागदावर पडलेल्या प्रकाशाचा दहावा भाग परत येतो, २ म्हणजे शंभरावा. चांगल्या चकचकीत कागदावर ती २.२ च्या पुढे जाऊ शकते. मॅट कागदावर साधारण १.६ पर्यंत, म्हणजे चाळिसावा भाग परत येतो. खरखरीत पृष्ठभाग प्रकाश विखुरतो, त्यामुळे काळा फिका भासतो.

मात्र, दोष केवळ कागदाचा नसतो. घरगुती चार रंगांच्या अनेक प्रिंटरमध्ये काळी शाई अक्षरांसाठी असते. तिचे रंगकण चकचकीत कागदावर नीट धरत नाहीत. म्हणून 'फोटो पेपर' निवडताच प्रिंटर ती शाई बाजूला ठेवतो आणि निळा, किरमिजी व पिवळा एकत्र करून काळा 'बनवतो'. काडतूस भरलेले असूनही छायाचित्र तपकिरी वा हिरवट का दिसते, याचे उत्तर बहुधा येथे असते. छायाचित्रांसाठीच्या महागड्या प्रिंटरमध्ये चकचकीत आणि मॅट कागदांसाठी दोन स्वतंत्र काळ्या शाया मिळतात. एप्सनच्या २००५ मधील 'आर २४००'मध्ये कागद बदलला, की काडतूसही बदलावे लागे. २०२० च्या 'पी ९००'मध्ये दोन्ही शाया कायम जागेवर असतात. सावलीतील बारकाव्यांसाठी सोबत करड्या शायाही असतात.

कोकणातील पावसाळी दमट हवेत प्रत वाळायला वेळ लागतो. त्यामुळे प्रिंटरमधून निघताच काळ्याची पारख करू नये. एक दिवस थांबावे. मोठी प्रत काढण्यापूर्वी पूर्ण काळ्यापासून करड्यापर्यंतच्या चौकटींची छोटी पट्टी त्याच कागदावर छापून घ्यावी. पहिल्या चार-पाच चौकटी एकसारख्या दिसल्या, तर आधी कागदाची निवड तपासावी. साध्या कागदाची निवड ठेवून फोटो पेपर घातला, तर शाईचे प्रमाणच चुकते आणि नवे काडतूस आणूनही उपयोग होत नाही.