खेळाच्या गोष्टीत सामना किती असावा?

किशोरांसाठी लिहिलेली खेळाची गोष्ट तिसऱ्या पानावरच ओळखता येते. शाळेचा संघ दुबळा असतो, नायकाच्या पायात फाटके बूट असतात, क्रीडाशिक्षक वरून कडक आणि आतून मऊ असतात, आणि शेवटच्या चेंडूवर हव्या तेवढ्या धावा हमखास निघतात. चौदा वर्षांचा वाचक ती अर्ध्यावर ठेवतो आणि आपण म्हणतो, हल्लीची मुलं वाचत नाहीत. त्याच मुलाला प्रत्यक्ष सामन्यात कुणी इतका ठरलेला शेवट दाखवला, तर तो ‘फिक्सिंग’ म्हणून ओरडेल. गोष्टीत तो का सहन करावा? अशा गोष्टींची चूक खेळ कमी-जास्त असण्यात नाही. निकालालाच गोष्ट समजण्यात ती आहे. कुठल्याही मैदानावर नियमांचे दोन संच चालू असतात. एक चुन्याच्या रेषेच्या आतला, सर्वांना सारखा आणि छापील. दुसरा रेषेबाहेरचा: संघात कोणाला घ्यायचं, डबा कोणी कोणाबरोबर खायचा, मुलीने किती वाजता घरी यायचं, सरावाच्या वेळी शेतावर कोणी जायचं. हा दुसरा संच कुठेच छापलेला नसतो आणि सर्वांना सारखाही नसतो. बारा ते सोळा या वयात माणूस नेमका या दोन संचांच्या मधोमध उभा असतो. म्हणून त्या वयाची क्रीडाकथा घडते ती हे दोन संच एकमेकांवर आदळतात तिथे. याचा सर्वांत भक्कम पुरावा रत्नागिरी जिल्ह्याशी नातं सांगणाऱ्या एका घराण्यात मिळतो.

आडनावात पालवण हे गाव घेऊन फिरणारं हे पालवणकर घराणं. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे चार भाऊ विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-अडीच दशकांत मुंबईतल्या हिंदू संघाकडून क्रिकेट खेळले. कुटुंब चांभार समाजातलं, वडील पुण्यात लष्करी नोकरीत. थोरल्या बाळूंचं क्रिकेट सुरू झालं ते खेळाडू म्हणून नव्हे. पुण्यात पारशांच्या एका क्लबात खेळपट्टी झाडणं, रोलर फिरवणं आणि अधूनमधून सभासदांना चेंडू टाकणं, याचे महिना तीन रुपये. पुढे ते पूना क्लबात गेले, तिथे चार रुपये. या क्लबात इंग्रज अधिकारी सराव करत. त्यांच्यातल्या कॅप्टन ग्रेग या नामवंत फलंदाजाने आपल्याला बाद केल्याबद्दल दर वेळी आठ आणे द्यायचं कबूल केलं होतं, असं सांगतात. डावखुऱ्या बाळूंची फिरकी या सरावात घोटून तयार झाली. पण तासन् तास चेंडू टाकणाऱ्या या पोराच्या हातात फलंदाजीसाठी बॅट मात्र साहेबांनी दिली नाही. फलंदाजी हा मालकांचा खेळ आणि गोलंदाजी ही नोकराची मेहनत, अशी ती विभागणी होती. पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचं होतं आणि बाळूंवाचून ते जमणार नव्हतं, म्हणून बऱ्याच चर्चेनंतर त्यांना संघात घेतलं गेलं. मैदानात त्यांच्या हातून सुटलेला चेंडू सवर्ण सहकारी झेलत आणि परत त्यांच्याकडे फेकत. चहाची वेळ झाली की तेच सहकारी आत कपबशीत चहा घेत, आणि बाळूंना तो बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे.

किशोरांच्या लेखकाला याहून चांगला प्रसंग शोधूनही सापडणार नाही, कारण यात भाषण करायची गरजच नाही. चेंडू चालतो आणि कप चालत नाही, एवढं समोर ठेवलं की चौदा वर्षांचा वाचक पुढचं स्वतःच विचारतो. पुढच्या घटनाही गोष्टीला सोप्या शेवटाकडे जाऊ देत नाहीत. १९०६ मध्ये हिंदू संघाने मुंबईत युरोपियनांना हरवलं, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्या संघात बाळू आणि शिवराम दोघेही होते. संघ बहुतेक सामने हरला, बाळूंनी मात्र दौऱ्यात ११४ बळी घेतले. एवढं करूनही मुंबईतल्या धर्मवार संघांच्या चौरंगी स्पर्धेतलं हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांच्याकडे आलं नाही. १९२० मध्ये ते पद नाकारलं गेल्याच्या निषेधात विठ्ठल आणि शिवराम संघाबाहेर राहिले. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. थोरल्याच्या वाट्याचं धाकट्याला मिळालं, आणि ज्या घरात दोन भाऊ एकच खेळ खेळतात तिथे या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. तरुण आंबेडकरांना बाळूंचा अभिमान होता. १९३७ च्या निवडणुकीत मात्र तेच बाळू काँग्रेसतर्फे आंबेडकरांच्या विरुद्ध उभे राहिले आणि हरले. विठ्ठल पालवणकरांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं, ते १९४८ मध्ये निघालं. पुढे रामचंद्र गुहांच्या इंग्रजी ग्रंथाने या भावांना पुन्हा उजेडात आणलं. मूळ साधन मराठीत असताना ही गोष्ट मराठी मुलांपर्यंत इंग्रजीची वाट चालून यावी, हे आपल्या बालसाहित्याला शोभणारं नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: मुलांच्या खेळाच्या गोष्टीत जात कशाला आणायची? खेळ सगळं विसरायला लावतो, त्याला ओझं का लावायचं? आक्षेप घेणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण तो गृहीत धरतो की मुलांना हे ठाऊक नाही आणि आपण सांगितलं तरच कळेल. वर्गात कोणाचा डबा कोणी घेत नाही हे मुलाला शिक्षकांच्या आधी कळलेलं असतं. गोष्ट गप्प राहिली तर त्याचा एवढाच अर्थ होतो की पुस्तकांना आपल्या जगातलं काही माहीत नाही. शिवाय बाळूंच्या हकिकतीतून जात वजा केली, तर कथाही वजा होते. उरतो तो बळींचा तक्ता. हेही मान्य करायला हवं की याच विषयावर बटबटीत, उपदेशाने ठासून भरलेली गोष्ट लिहिणं फार सोपं आहे. तो दोष मात्र लेखकाचा, विषयाचा नव्हे.

दुसरा पुरावा इतका जवळचा आहे की त्याला खेळाची गोष्ट म्हणायचं कोणाला सुचत नाही. साने गुरुजींचं बालपण दापोली तालुक्यातल्या पालगडचं, आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘श्यामची आई’त श्यामच्या पोहायला शिकण्याचं एक प्रकरण आहे. पाण्याला घाबरून श्याम लपून बसतो, आई त्याला शोधून मारत बाहेर काढते, आणि तो विहिरीत पडून पोहायला लागतो. या पुस्तकाची ओळख रडवणारं पुस्तक अशी झाल्यामुळे या प्रकरणाची बांधणी कोणी नीट पाहत नाही. इथे स्पर्धा नाही, बक्षीस नाही, प्रतिस्पर्धी नाही. आहे ती भीती, गावातली इतर पोहणारी मुलं, आणि आपल्या मुलाला लोकांनी भित्रा म्हणू नये म्हणून कठोर झालेली आई. मार देणाऱ्या त्या आईलाच पुन्हा त्या माराचं दुःख होतं. आजच्या वाचकाला ती आई चुकली असं वाटू शकतं, आणि तसं वाटायला लेखनाने जागाही ठेवली आहे. शरीराला एखादी गोष्ट पहिल्यांदा जमते तो क्षण, आणि त्यासाठी कोणी काय मोजलं याचा हिशेब, या दोन्ही गोष्टी त्या थोड्या पानांत आहेत. याउलट आपला लाडका फास्टर फेणे घ्या. भा. रा. भागवतांनी त्याला सायकल दिली, वेग दिला, चपळाई दिली. पण ती सारी रहस्य उलगडण्यासाठी खर्च होते. ही तक्रार नव्हे, फेणे रहस्यकथेचाच नायक आहे. तरीही त्याच्याइतका जिवंत असा एखादा खो-खोपटू किंवा कबड्डीपटू आपण का घडवला नाही, हा प्रश्न राहतोच.

दुसरा आक्षेप असा की खऱ्या खेळाडूंची चरित्रं आहेत, मग कल्पित गोष्टी हव्यात कशाला? चरित्रं हवीतच, आणि मराठी वाचक ती आवडीने घेतो. पण मुलांसाठी बेतलेल्या चरित्राला एक जन्मजात अडचण असते. ते फक्त पोचलेल्यांचं लिहिलं जातं. तालुक्याच्या निवड चाचणीला आलेल्यांपैकी बहुतेक जण घरी परत जातात. त्यांचं चरित्र कोणी लिहीत नाही, आणि वाचक मात्र प्रामुख्याने त्यांच्यातलाच असतो. राखीव खेळाडू म्हणून सगळा हंगाम बाकावर बसलेली मुलगी, दहावीचं वर्ष म्हणून सराव बंद झालेला मुलगा, उंची वाढली नाही म्हणून मागे पडलेला चढाईपटू, यांच्यासाठी कल्पित कथाच लागते.

हरलेल्यांच्या गोष्टींनी मुलं खचतील ही भीतीही तपासून पाहावी. ताकेहिको इनोऊए यांची ‘स्लॅम डंक’ ही जपानी चित्रकथामालिका १९९० ते १९९६ या काळात चालली. एका शाळेच्या बास्केटबॉल संघाची ही कथा, आणि तिच्या प्रतींचा खप दहा कोटींच्या पुढे गेला आहे. या मालिकेतला मोठा सामना नायकांचा संघ जिंकतो, आणि त्याच्या पुढच्याच सामन्यात तो सडकून हरतो. तो पराभव लेखकाने जवळजवळ ओझरता सांगितला आहे. किशोरांनी त्यामुळे बास्केटबॉल सोडला नाही, उलट या मालिकेने जपानमध्ये त्या खेळाची हवा निर्माण केली. अमेरिकेत २०१५ चं न्यूबेरी पदक मिळालेली क्वामे अलेक्झांडर यांची ‘द क्रॉसओव्हर’ ही पद्यात लिहिलेली कादंबरी बास्केटबॉल खेळणाऱ्या जुळ्या भावांची आहे, पण तिची खरी चिंता वडिलांच्या हृदयविकाराची. इंग्रजांचा जुना नमुना वेगळा होता. ‘टॉम ब्राऊन्स स्कूलडेज’ (१८५७) पासून खेळाने चारित्र्य घडतं हा पाठ तिथल्या शाळाकथांना लागला. तो आपल्याकडे क्रमिक पुस्तकांतून आला आणि अजून गेलेला नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत व्यवहारी. मोबाइलवर थेट सामना दिसत असताना त्याचं वर्णन वाचेल कोण? त्या वर्णनाला खरंच अर्थ नाही. पण कॅमेरा चेंडूच्या किंवा धावणाऱ्याच्या मागे जातो, बसलेल्याच्या मनात जात नाही. इथे आपले खेळ कथेसाठी क्रिकेटपेक्षा कितीतरी उजवे आहेत. खो-खोत आठ गडी एकाआड एक उलट दिशांना तोंड करून चौकांत बसतात, नववा पाठलाग करतो. त्याला मागे वळता येत नाही, बसलेल्यांच्या रांगेतून पलीकडे जाता येत नाही. पळणारी अगदी हाताच्या अंतरावर असूनही स्वतः पकडायचा मोह सोडून दुसऱ्याला खो द्यावा लागतो. ज्याला खो मिळतो त्याचं तोंड विरुद्ध बाजूला असतं. पाठीमागे काय चाललंय ते त्याने आवाजावरून ओळखायचं. मोह, विश्वास आणि आंधळेपणा नियमांतच विणलेला असा खेळ कथालेखकाला आयता मिळालेला आहे. कबड्डीतही बाद झालेला गडी कायमचा बाहेर जात नाही. साथीदाराने समोरचा गडी बाद केला की तो परत मैदानात येतो. आपल्याला परत आणणारा साथीदार आपल्याशी बोलत नसेल तर? दोन अनुत्पादक चढायांनंतर तिसरी चढाई त्याच्यावर आली असेल तर? हा प्रश्न प्रक्षेपणात दिसत नाही, आणि तीस सेकंदांच्या त्या चढाईवर दहा पानं सहज लिहिता येतील.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. महिलांच्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळला ७८-४० असं हरवलं, पुरुषांनीही नेपाळवरच विजय मिळवला, आणि प्रियंका इंगळे व प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्रातले होते. बातम्या आल्या, सत्कार झाले. गोष्टी मात्र आल्या नाहीत, आणि येतील त्या पुन्हा चषकाच्याच असतील अशी धास्ती वाटते. रत्नागिरी जिल्ह्यात तर सामग्री पायाखाली आहे. चिपळूण तालुक्यात डेरवणला किशोरवयीन खेळाडूंसाठी ‘डेरवण यूथ गेम्स’ भरतात, राज्यभरातून मुलं-मुली येतात. घरापासून पहिल्यांदाच लांब राहिलेल्या मुलीची गोष्ट तिथल्या कुठल्याही वसतिगृहात सापडेल. भात कापून झालं की मोकळ्या शेतात टेनिस चेंडूच्या स्पर्धा रंगतात. वर्षभर गावात सराव करणाऱ्या पोराची जागा मुंबईहून आलेला चाकरमानी एका दिवसात घेतो, यावर वाडीत जे राजकारण होतं ते रेषेबाहेरच्या नियमांचं उत्तम उदाहरण आहे. पावसाचे चार महिने मैदान चिखलात जातं, तेव्हा सराव कुठे करायचा हा कोकणातल्या शाळांचा प्रश्न पुण्या-मुंबईच्या लेखकाला सुचणारच नाही. संवादांत संगमेश्वरी बोली आली तर बिघडणार नाही, उलट कबड्डीच्या मैदानावर प्रमाण मराठीत ओरडणारा गडीच खोटा वाटेल.

अशा गोष्टी छापायला जागा नाही असंही नाही. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं, साधनाचा बालकुमार दिवाळी अंक निघतो. संपादकांनी दोन पथ्यं मात्र पाळावीत. कथेला तात्पर्य जोडायचा आग्रह सोडावा. आणि चौक, खुंट, साखळी, निदान रेषा असे शब्द आले की तळटीप द्यायची घाई करू नये. ते शब्द न समजणारा वाचक बहुधा संपादकांच्या खोलीतच बसलेला असतो; सातवी-आठवीच्या मुलांनी ते मैदानावर आधीच शिकून घेतलेले असतात, आणि लेखकाने एखादा चुकीचा वापरला तर ते पत्र लिहून कळवतील.