आधी तुमची दुर्गा, मग सिनेमातली!

मित्रांनो, एक प्रश्न विचारू? एका छानशा कादंबरीवर सिनेमा निघालाय. पुस्तक घरातल्या कपाटात आहे आणि सिनेमाही आजच बघायला मिळणार आहे. तुम्ही आधी काय कराल?

बरेच जण म्हणतील, "सिनेमाच की! दोन तासांत गोष्ट कळते. पुस्तक काय, नंतर सावकाश वाचू." मीही तुमच्याएवढा असताना असंच केलं होतं. त्यात माझं काय नुकसान झालं, तेच आज सांगणार आहे.

सिनेमा होता 'पथेर पांचाली'. विभूतिभूषण बंद्योपाध्याय या थोर बंगाली लेखकाची ही कादंबरी १९२९ साली पुस्तकरूपाने आली. बंगालमधलं निश्चिंदिपूर नावाचं लहानसं खेडं. तिथे अपू आणि त्याची मोठी बहीण दुर्गा राहतात. वडील हरिहर भिक्षुकी करतात. घरात पैशांची कायम ओढाताण. आई सर्वजया कसाबसा संसार रेटते. आणि दुर्गा? भारी खट्याळ! लोकांच्या बागेतली फळं आणायची, आईची बोलणी आणि मार खायचा, पण धाकट्या भावाचा वाटा मात्र विसरायचा नाही.

मी सिनेमा पाहिला आणि तो मला खूप आवडला. पुढे कॉलेजात गेल्यावर कादंबरी हातात घेतली. पण काय सांगू! पानापानांवर मला सिनेमातलीच दुर्गा दिसायला लागली. तोच चेहरा, तेच घर, तेच तळं. माझी स्वतःची दुर्गा मला कधी भेटलीच नाही. आता कितीही वेळा वाचलं तरी ती भेटणार नाही. कारण मनात पहिलं चित्र काढायची संधी एकदाच मिळते, आणि ती मी घालवून बसलो.

आता गंमत ऐका. हा सिनेमा काढणारे सत्यजित राय यांनी मात्र आधी पुस्तकच वाचलं होतं! तेव्हा ते चोविशीच्या आत-बाहेर होते आणि कोलकात्यात चित्रकाराचं काम करत होते. १९४४ च्या सुमारास या कादंबरीची मुलांसाठी संक्षिप्त आवृत्ती निघणार होती. तिची चित्रं काढायचं काम त्यांच्याकडे आलं. त्या पुस्तकाचं नाव होतं 'आम आँटिर भेंपू', म्हणजे आंब्याच्या कोयीची पिपाणी. कोय घासून पिपाणी तुम्हीही वाजवली असेल की! चित्रं काढता काढता ती गोष्ट त्यांच्या मनात घर करून बसली. वादळात एकमेकांना बिलगलेली भावंडं त्यांनी आधी कागदावर काढली आणि पुढे पडद्यावर आणली. सिनेमा लोकांसमोर आला १९५५ साली. म्हणजे तब्बल अकरा वर्षं राय यांनी आपली दुर्गा मनात सांभाळली!

सिनेमा करणंही सोपं नव्हतं बरं का. पैसे संपले, चित्रण बंद पडलं, बायकोचे दागिनेसुद्धा गहाण पडले. १९५२ च्या ऑक्टोबरमध्ये पहिलं चित्रण झालं, ते काश नावाच्या उंच, पांढऱ्या तुऱ्यांच्या गवतात. आठवड्याने सगळे परत येतात तर काय, गुरांनी गवत फस्त केलेलं! ते पुन्हा फुलायची वाट बघत एक वर्ष थांबावं लागलं.

त्याच गवतातून अपू आणि दुर्गा आगगाडी बघायला धावतात. दुर्गा अडखळून मागे राहते, अपू पुढे पोचतो आणि काळा धूर सोडत गाडी धडधडत निघून जाते. हा प्रसंग जगभर गाजला. पण पुस्तकात असं घडतच नाही! तिथे दोघं हरवलेलं वासरू शोधायला बाहेर पडतात, रूळ बघायच्या ओढीने लांब जातात आणि वाट चुकतात. मग दुर्गाला आगगाडी कधी दिसते? ते मी मुळीच सांगणार नाही. तुम्हीच वाचा.

मग खरं कोणाचं, पुस्तकाचं की सिनेमाचं? दोघांचंही! सिनेमा म्हणजे राय यांनी आपल्या मनाने वाचलेलं पुस्तक. ते तुम्ही नंतर जरूर बघा. विजेच्या खांबाला कान लावून ऐकणारी भावंडं, पावसाचे पहिले थेंब, रविशंकरांची सतार, हे सगळं पडद्यावरच अनुभवावं. पण सिनेमात अपूच्या हातात नुसता धनुष्यबाण दिसतो. रथाचं चाक रुतलेल्या कर्णासाठी त्याचा जीव किती तुटतो, हे पुस्तक वाचणाऱ्यालाच ठाऊक असतं. आधी वाचलंत, तर तो धनुष्यबाण बघताक्षणी तुम्हाला कर्ण आठवेल. शेजारी बसलेल्याला नाही आठवणार!

एक मात्र करू नका. सिनेमा चालू असताना "पुस्तकात असं नव्हतं" म्हणून सारखी कुरकुर नको. ते सगळं घरी येऊन बोलायचं.

आईबाबांनो, थोडं तुमच्यासाठी. वाचनालयात या कादंबरीच्या मराठी अनुवादाची चौकशी करा. रोज रात्री एखादं प्रकरण मोठ्याने वाचलंत तर लहानांनाही गोडी लागेल. गोष्टीत दुःखाचे प्रसंग आहेत. मूल रडलं तर घाबरून पुस्तक मिटू नका. जवळ बसा, त्याच्याशी बोला. आणि "यातून काय शिकलास?" हा प्रश्न तेवढा विचारू नका!

आणि मित्रांनो, पुस्तक संपलं की सिनेमा लावायच्या आधी एक कागद घ्या. त्यावर तुमच्या मनातली दुर्गा काढा. तिचे केस कसे आहेत? पदरात काय लपवलंय? चित्र वाकडंतिकडं आलं तरी चालेल. खाली तारीख घाला, मग खुशाल सिनेमा बघा. आणि हो, तुमची दुर्गा आम्हालाही पाठवायला विसरू नका!