वाट अडवणाऱ्या साखळ्या

सकाळी ७.३०
काल रात्री डिशच्या तळाशी एकाआड एक पट्टे घालून ठेवले होते. एक पट्टा नुसत्या लॅमिनिनचा. या प्रथिनावर चेतापेशीचा तंतू भरभर वाढतो. दुसऱ्यात लॅमिनिनबरोबर कॉन्ड्रॉयटिन सल्फेट प्रोटिओग्लायकन असते : मध्ये प्रथिनाचा दांडा आणि त्याला लटकलेल्या साखरेच्या लांब साखळ्या. मज्जारज्जूला इजा झाली की व्रणात हेच रेणू दाटतात आणि तुटलेले तंतू तिथे अडतात.

डिश धुऊन मी विद्यार्थ्याच्या हाती देते. निम्म्या डिशमध्ये तो कॉन्ड्रॉयटिनेज एबीसी घालतो. प्रोटियस व्हल्गॅरिस या जीवाणूपासून मिळणारे हे विकर साखळ्या कापते, दांडा तसाच ठेवते. उरलेल्या डिशमध्येही तेच विकर, पण उष्णतेने निकामी केलेले. डिशवर फक्त आकडे लिहायचे. मोजणी मी करणार, म्हणून कोणत्या डिशमध्ये काय आहे हे मला कळता कामा नये.

सकाळी ९.००
आठ दिवस उबवलेली कोंबडीची अंडी. गर्भाच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना संवेदी चेतापेशींच्या गुच्छिका असतात. लॅबमध्ये आम्ही त्यांना डीआरजी म्हणतो. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक चिमट्याने एकेक सोडवायची. घाई केली की मुळे तुटतात, पेशी दुखावतात.

अशाच गुच्छिकांवर १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये रीता लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन काम करत होते. उंदराच्या एका गाठीचा अर्क घातला की गुच्छिकेभोवती तंतूंचे दाट वलय उगवे. अर्कातला गुणकारी घटक न्यूक्लिइक आम्ल आहे की काय, हे तपासायला कोहेन यांनी त्यात सापाचे विष घातले, कारण विषातले विकर न्यूक्लिइक आम्ल तोडते. वाढ थांबण्याऐवजी कितीतरी वाढली. विषातच तो घटक अर्कापेक्षा भरपूर होता! मग उंदराच्या लाळग्रंथीतही तो सापडला. हे प्रथिन म्हणजे नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, एनजीएफ. दोघांना १९८६चे नोबेल मिळाले. इतिहासातला हा भाग मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगते, कारण शंका नीट तपासली तर नकारातूनही केवढे हाती लागते, हे त्यात दिसते.

सकाळी ११.००
आता पेशी सुट्या करायच्या, तेही विकरानेच. ट्रिप्सिन पेशींना एकत्र धरणारी प्रथिने तोडते. पण ते फार वेळ ठेवले, तर ज्या इंटेग्रिनच्या आधारे पेशी लॅमिनिनला धरते तीही कुरतडली जातात. म्हणून घड्याळावर नजर ठेवायची आणि वेळेवर सीरम घालून ट्रिप्सिन थांबवायचे.

दुपारी १२.३०
डिशमधले विकर धुऊन पेशी सोडल्या, मीडियममध्ये एनजीएफ घातले. ३७ अंश, पाच टक्के कार्बन डायऑक्साइड. इनक्युबेटरचे दार लावून डबा खायला.

दुपारी ३.००
आधीच्या फेरीतल्या, फिक्स करून रंगवलेल्या डिशची मोजणी. प्रत्येक तंतूच्या टोकाला पसरट वाढशंकू असतो. रामोन इ काहाल यांनी १८९०मध्ये कोंबडीच्या गर्भातच त्याचे वर्णन केले. त्यातून बारीक बोटे निघतात, पुढची जमीन चाचपतात. लॅमिनिनवर इंटेग्रिनची पकड बसते आणि टोक पुढे सरकते. प्रोटिओग्लायकनच्या कडेशी ते अडते किंवा कडेकडेने वळते.

"ताई, साखर म्हणजे नुसती भिंतच ना?" विद्यार्थी विचारतो.

नुसती भिंत नव्हे. पेशीच्या पटलावर पीटीपी-सिग्मा नावाचा ग्राहक असतो, तो या साखळ्यांना जुळतो. गंमत अशी, की तो स्वतःच एक विकर आहे. आतल्या प्रथिनांवरचे फॉस्फेट काढून टाकतो. बाहेरच्या साखळीचा निरोप आतल्या विकरापर्यंत पोहोचतो आणि पेशी वाढ आवरती घेते.

सायंकाळी ६.३०
मोजणी संपली, कोड उघडला. ज्या डिशमध्ये तंतूंनी पट्टे ओलांडले होते, त्या चालू विकराच्या निघाल्या. पेशी त्याच, एनजीएफ तेवढेच. बदलली होती फक्त जमीन. वाढण्याची ताकद पेशीत होतीच. इजा झालेल्या मज्जारज्जूकडे बघताना हे विसरू नये, असे मला मनापासून वाटते.

रात्री ८.००
वहीत नोंदी. डिशमधले यश आणि रुग्णाचे पाऊल यांत मोठे अंतर आहे. २००२मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासात मज्जारज्जूला इजा झालेल्या उंदरांना हे विकर दिल्यावर हालचाल सुधारली. पण शरीराच्या उष्णतेत त्याची धार लवकर बोथट होते, म्हणून २०१०मध्ये ट्रेहॅलोज या साखरेने ते टिकाऊ करण्याचा मार्ग मांडला गेला. शिवाय वाढलेला तंतू योग्य पेशीशी जुळला पाहिजे. २००९च्या एका अभ्यासात विकराबरोबर पंजाचा नेमका सराव दिला, तेव्हाच उंदरांच्या पंजाचे कसब चांगले परतले. औषधाने वाट मोकळी होईल. तिच्यावर चालायला शिकवण्याचे काम फिजिओथेरपीचेच राहील, आणि दोन्हींची आखणी पहिल्यापासून एकत्र व्हायला हवी.