लकव्यानंतरची स्टॅटिन: कोणाला मिळते, कोणाची सुटते?

आज आपण लकवा येऊन गेल्यानंतरच्या वर्षांबद्दल बोलू. रक्तवाहिनी बंद होऊन लकवा आला असेल, तर डिस्चार्जच्या कागदावर साधारणपणे रक्त पातळ ठेवणारी एक गोळी असते आणि दुसरी असते स्टॅटिन, म्हणजे अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन. पहिली लोकांना पटते. दुसरीवर प्रश्न येतो, ‘माझं कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे, मग ही कशाला?’

रिपोर्टवरचं ‘नॉर्मल’ असतं निरोगी माणसासाठी. एकदा लकवा आलेल्याची मोजपट्टी वेगळी. स्टॅटिन एलडीएल कमी करते, शिवाय रक्तवाहिनीतला चरबीचा थर फुटू नये म्हणून त्याला स्थिर ठेवते. 2006 साली ‘स्पार्कल’ हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 4731 रुग्ण होते. रोज 80 मिलिग्रॅम अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांपैकी सुमारे पाच वर्षांत 11.2 टक्क्यांना पुन्हा लकवा आला. नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत 13.1 टक्क्यांना. फरक लहान वाटतो, पण शंभरातली ती दोन माणसं कोणाच्या तरी घरातली असतात.

मग ही गोळी सगळ्यांना का लिहिली जात नाही? पहिलं कारण त्याच अभ्यासात आहे. मेंदूत रक्तस्राव गोळी घेणाऱ्या 55 जणांना झाला, न घेणाऱ्या 33 जणांना. म्हणून आधी रक्तस्राव होऊन गेलेल्याला लिहिताना डॉक्टर थबकतात. दुसरं, लकव्याचं कारण. हृदयाचे ठोके अनियमित होऊन गुठळी वर गेली असेल, तर मुख्य उपचार वेगळा, आणि स्टॅटिन मागे पडते. तिसरं, वय. पंचाहत्तरीपुढच्या, आधीच दहा गोळ्या घेणाऱ्या आजींना आणखी एक द्यायची का, असा विचार होतो. चौथं, गिळता येत नसेल तर नाकातल्या नळीतून देताना काही गोळ्या मागे ठेवल्या जातात, आणि घरी जाताना त्या परत सुरू करायच्या राहून जातात.

आता आपल्या सोलापूरचं बघा. अक्कलकोट, मंगळवेढा, बार्शीकडून रुग्ण इथे येतो, बरा होऊन गावी जातो. पुढची गोळी गावातले डॉक्टर लिहिणार. कागदावर ‘किती दिवस’ हे नसेल, तर महिन्याचं पाकीट संपलं की गोळी संपली! पूर्व भागात घरात तेलुगू बोलतात, सीमेकडे कन्नड. घाईत मराठीत सांगितलेलं अर्धंच पोचतं. यंत्रमागावर किंवा विडीकामावर पोट असेल, तर तपासणीला येणं म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडणं. योजनेतून दवाखान्याचा खर्च निघाला, तरी घरची गोळी बहुतेकदा खिशातूनच. जनऔषधी केंद्रात ती स्वस्त मिळते, एवढं जरी सांगितलं तरी फरक पडतो.

राहिली अंगदुखीची भीती. पाय दुखले तर स्वतःहून गोळी बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, मात्रा कमी करता येते, गोळी बदलता येते. मात्र स्नायू फार दुखून लघवी गडद झाली, तर लगेच दाखवा.

तेव्हा डिस्चार्जच्या दिवशी तीन गोष्टी विचारून घ्या. लकवा गुठळीचा की रक्तस्रावाचा? स्टॅटिन लिहिली आहे का, नसेल तर का नाही? आणि किती दिवस घ्यायची? तिसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘कायम’ असं असतं. ते कागदावर लिहून घ्या.