गॅट्स्बीचा पैसा, टॉमचे कुळ

फिट्झजेराल्डची १९२५ सालची ‘द ग्रेट गॅट्स्बी’ ही कादंबरी प्रेमकथा म्हणून वाचली जाते. मला ती कुळाच्या माजाची कथा वाटते. टॉम बुकॅननची दौलत वारशाची. लग्नाच्या आदल्या दिवशी त्याने डेझीला साडेतीन लाख डॉलरचा मोत्यांचा सर दिलेला. गॅट्स्बी गरीब शेतकऱ्याचा पोर, चोरट्या दारूवर गबर झालेला. पैसा दोघांकडेही आहे. मग अडते कुठे? प्लाझा हॉटेलातल्या भांडणात टॉम गॅट्स्बीची पायरी काढतो आणि त्याच दमात गोऱ्या-काळ्यांच्या लग्नांची भीती घालतो. वास्तविक गॅट्स्बी गोराच! पण खालचा माणूस वरच्या घरात शिरू पाहतो म्हटल्यावर टॉमला रक्ताची शुद्धता आठवते. ही भाषा आपल्याला नवी नाही. दारूचा धंदा उघडा पडताच डेझी मागे सरते. गॅट्स्बीच्या मयताला ती फूलसुद्धा पाठवीत नाही.